कापलेलं हसू

१

"...आणि मला शिकवू नको, निवे! 'दादा, तुला नव्या संगीतातलं कळत नाही.' बरं, नाय कळत. मला सील कळतो, बर्फ कळतो, गाडीचं इंजिन कळतं. पण माझ्या आईचा आवाज मला कळतो. आवाज पाठवलास, मग त्याच्या शेवटचं हसू कुठं टाकलंस? कुत्र्यांना घातलंस? उचल की फोन! तोंड दाखवू नको, नुसता उचल!"

फोन कुणी उचललाच नव्हता. पुतुलिक बहिणीच्या निरोपाच्या यंत्राशी भांडत होता, आणि यंत्रसुद्धा कंटाळून गप झालेलं.

"कधीच बंद झालं ते," त्याची बायको एवा म्हणाली. जमिनीवर पुठ्ठा अंथरून ती गोठलेला मासा कापत बसली होती. "तू भिंतीशी बोलतोयस."

"भिंत तरी ऐकती."

"लेका, चहा घे," कुपानुक म्हणाली. "डोकं थंड कर."

कुपानुक ही त्याची पोर. सोळा वर्षांची, आणि बापाला लेका म्हणायची. कारण तिला नाव त्याच्या आईचं दिलेलं. आई ज्या साली गेली त्याच साली ही आली. नाव दिलं की नातंही त्याच्या मागनं येतं, म्हणून तो तिला आई म्हणायचा, ती त्याला लेका. चारचौघात ती त्याचं नाक पुसायला जायची आणि गावभर हशा व्हायचा. त्याच्यासारख्या तापट माणसाचं नाक पुसायची हिंमत दुसऱ्या कुणात नव्हती.

भांडण होतं ते असं. धाकटी बहीण निवी ह्या बर्फातल्या गावापासनं लांब, दक्षिणेला माँट्रियल शहरात राहायची आणि बायकांच्या कंठाच्या खेळाचे आवाज यंत्रात घालून, कापून, जोडून मोठमोठ्या हॉलात वाजवायची. तिकडचे लोक काळे कपडे घालून, डोळे मिटून ऐकत बसतात म्हणे. येत्या उन्हाळ्यात तिला कुपानुक स्टेजवर हवी होती. आजीचा आवाज यंत्रातनं येणार, नात समोर उभी राहून त्याला आवाज देणार. सराव करायला म्हणून तिनं तो आवाज पाठवला. खूप वर्षांपूर्वी ह्याच स्वयंपाकघरात आई आणि निवी खेळल्या होत्या, तेव्हाचा.

खेळ साधा. दोघी जणी एकमेकींचे दंड धरून तोंडासमोर तोंड करून उभ्या राहतात. एकीनं घशातनं आवाज काढायचा, तिच्या फटीत दुसरीनं आपला घालायचा. श्वास बाहेर जाताना आवाज, आत येताना आवाज. जिचा दम तुटेल किंवा जिला हसू फुटेल ती हरली. मग दोघी हसतात. हसलं की संपलं.

त्या दिवशी पुतुलिक इथंच मांडीवर कार्बोरेटर घेऊन बसला होता. निवीला आधी हसू फुटलं, मग आई हसली. आई अशी हसली की तिच्या डोळ्यातनं पाणी आलं आणि ती त्या पाण्यानं निवीचे गाल पुसायला लागली. तो गेले चार दिवस त्या हसण्याचीच वाट बघत होता. आईचा फोटो होता त्याच्याकडं. हसू नव्हतं.

आज सकाळी स्पीकर लावला. निवीचा अर्धा भाग काढून टाकलेला होता, नुसती आई होती. ते ठीक, पोरीला जागा पाहिजे. पण शेवटही काढलेला. आईचा आवाज शेवटाला पोचायचा आणि शिवण न दिसता पुन्हा सुरू व्हायचा. दम न तुटता.

कुपानुक हौसेनं समोर उभी राहिली. चांगली खेळली. मग दम तुटला, हरली, आणि हसली. सवयीनं हसली, समोरची पण हसेल म्हणून.

समोरची हसली नाही. पोरगी एकटीच हसली, आणि ते हसू अर्ध्यात गिळून बापाकडं बघत राहिली.

२

दुसऱ्या दिवशी पाण्याची गाडी आली, टाकी भरून गेली. एवा दुकानात कामाला गेली. पुतुलिक बाहेर पडताना बाहेरच्या दाराआधीच्या पडवीत थांबला. पडवीत घर गरम ठेवायची भट्टी नाही. तिथं कोट, बूट, बंदुका, गोठलेलं मांस.

खिळ्याला आईचा कोट लावलेला होता. पाठीवर पोर बसवायचा जुना कोट, मोठं टोपडं, टोपड्याच्या कडेला लांडग्याची फर. निवीनं सांगितलं होतं की कुपानुकनं हाच घालावा, म्हणून एवानं पेटीतनं काढून हवेला टांगलेला.

फर पांढरी झालेली. तोंडाच्या वाफेचं दव. माणूस थंडीत बराच वेळ चालून आला की नाकातोंडासमोर फरीवर जसं गोठतं, तसंच, तेवढ्याच जागेत. त्यानं बोट लावलं. ताजं होतं. बोटावर पाणी झालं.

"आई! माझ्या आईचा कोट घालून कुठं हिंडायला गेली होतीस?"

"लेका, मी अजून अंथरुणात हाय," आतनं आवाज आला. "आणि त्याला पेटीचा वास येतो. मी तो स्टेजवरच घालणार, नाक धरून."

रात्री एवा म्हणाली, "पडवीत दमट असतं. दार उघडझाप होतं."

"माझा कोट शेजारीच होता. कोरडा ठणठणीत."

"मग तुझ्या कोटाला विचार." रेडिओवर बिंगोचे आकडे चालले होते आणि तिचे दोनच आकडे राहिले होते. "गप बस जरा."

तो मनाशी म्हणाला, दमट असेल. दाराची फट असेल. त्यानं दाराला नवीन रबर ठोकलं.

सकाळी फर पुन्हा पांढरी होती. आदल्या दिवसापेक्षा दाट.

३

रविवारी प्रार्थनेनंतर म्हातारी अकिनिसी मासा खायला आली. आईची खेळातली मैत्रीण. एके काळी दोघी एकमेकींना हरवायला टपलेल्या असायच्या. आता तिच्या तोंडात दात नव्हते, पण जीभ होती.

"तुझा नवरा अजून ओरडतो का गं?" तिनं एवाला विचारलं. "का दमला?"

"दमतोय कुठला."

"मावशी, खा मुकाट्यानं," पुतुलिक म्हणाला.

कुपानुकनं कौतुकानं स्पीकर लावला. अकिनिसीनं आईचा आवाज ओळखला आणि तिचा चेहरा आधी मऊ झाला. ओठ हलायला लागले. फटीत आपला आवाज घालायची जुनी सवय. मग आवाज शेवटाला आला आणि पुन्हा सुरू झाला. म्हातारीचे ओठ थांबले. आवाज परत फिरून आला. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, टेबलापाशी गेली आणि स्पीकरवर तळवा दाबून धरला, जसं एखाद्याच्या तोंडावर धरतात.

"हसू कुठाय?"

"निवीनं कापलं."

"कापलं." तिनं तो शब्द चघळला. "मग संपलं कुठं हे?"

"यंत्र हाय ते, मावशी. बटण दाबलं की संपलं." त्यानं बटण दाबून दाखवलं.

म्हातारीनं कुपानुककडं बघितलं. "पोरीला ह्या आवाजासमोर उभं करू नको. ती जागा हिची नाय. तिथं निवी उभी होती. निवी मधनंच निघून गेली आणि तुम्ही पोरीला तिच्या जागी ढकललंत."

"काहीतरीच काय बोलतीस? यंत्राला कळतंय होय, कोण उभं हाय ते?"

"मग तू का ओरडतोस?" अकिनिसी म्हणाली. मासा तसाच टाकला, चहा अर्धा सोडला, आणि निघाली. पडवीतनं जाताना ती भिंतीला घासून, कोटाच्या लांबून गेली.

त्याच संध्याकाळी निवीचा निरोप आला. शांत, शहरी आवाज. त्या शांतपणानंच त्याचं टाळकं सटकलं. "दादा, ओरडू नकोस. हसू आलं की लोकही हसतात, टाळ्या वाजवतात, सगळं गोड होऊन जातं. शिवाय त्यात आधी हसणारी मी आहे. त्या खेळानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी इकडं निघून आले, आणि आईच्या मातीलाही मला विमान मिळालं नाही. मला ते संपायला नको होतं, एवढंच. कुपानुकला सांग, छान चाललंय."

तिला कुणी सांगितलं छान चाललंय म्हणून? पोरीनं अजून एकदाही तिला ऐकवलं नव्हतं.

४

वसंतातला उजेड. ऊन असं की चष्म्याशिवाय डोळे भाजतात. पुतुलिक खाडीच्या बर्फावर गेला. घरापेक्षा तिथं बरं. सीलच्या श्वासाच्या भोकापाशी तो वाकून उभा राहिला. भोकावर बर्फाचा घुमट धरलेला असतो आणि माथ्यावर बोटाएवढी फट. सील खालनं येतो, आधी पाणी हलतं, मग फूस करून श्वास टाकतो, घेतो, पुन्हा दोन-चारदा, आणि जातो. तेवढ्यात मारायचा असतो. बापानं शिकवलेलं, आणि आजवर त्यात एकदाही गोंधळ झाला नव्हता.

श्वास आला. त्यानं सील मारायचा भाला, हारपून, उचलला.

पाणी हललं नव्हतं.

श्वास बाहेर. श्वास आत. बाहेर, आत. सील एव्हाना गेला असता. हे जात नव्हतं. आणि दोन श्वासांच्या मधे फट होती. सारखी, नेमकी फट, कुणासाठी तरी मोकळी ठेवलेली.

वारा असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. भरती असेल, खालनं हवा दाबत असेल. तो हे सांगत असताना त्याच्या लक्षात आलं की फटीत आवाज येतोय. खरखरीत, जाडा, बापईमाणसाचा. तो त्याच्याच घशातनं येत होता.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पुरुष हा खेळ खेळत नाही. त्यानं जन्मात खेळला नव्हता.

"कोण हाय रं तिथं?" तो ओरडला, आणि ओरडल्याची त्यालाच लाज वाटली. लोखंडी पहार घेऊन त्यानं घुमट फोडला, बर्फ उकरला, हातानं चिखलासारखा ओढून काढला.

खाली पाणी नव्हतं. भोक केव्हाचं मेलेलं. गोठून दगड झालेला जुना निळा बर्फ, त्यात एक केसाएवढीही चीर नाही.

तो गाडीकडं चालत गेला नाही, पळत गेला.

५

घरात स्पीकर बंद होता. वायर काढून, गुंडाळून कपाटावर ठेवलेली. एवा दारात उभी.

"सकाळपासनं," ती म्हणाली. "खाल्लं नाय. दवाखान्यातनं नर्स घरी आणली. नर्सनं घसा बघितला, म्हणाली गाणं बंद करा. मी म्हणलं, तूच सांग बाई तिला."

कुपानुक पडवीत होती. थंडीत, मोज्यांवर, खिळ्याकडं तोंड करून. दोन्ही हात पुढं, बोटं वाकवलेली, कुणाचे तरी दंड धरल्यासारखी. घशातनं आवाज जात होता आणि येत होता. ओठ निळे.

"आई! आत चल!"

तिनं डोळे त्याच्याकडं वळवले. डोळ्यात पाणी होतं, आणि डोळे पूर्ण शुद्धीत होते. तेच वाईट होतं. ती म्हणायचं बघत होती, लेका. शब्दाला फटच मिळत नव्हती.

पुतुलिकनं आधी कपाटावरचा स्पीकर उचलला, अंगणात टाकला आणि कुऱ्हाडीनं त्याचा चुरा केला. शेजारचे खिडकीतनं बघत होते. "बघा, बघा!" तो त्यांच्यावर ओरडला. "पैसे पडत नाय बघायला!" मग आत येऊन त्यानं पोरीच्या तोंडावर हात धरला. तिचा श्वास त्याच्या तळव्याखाली अडला, अंग ताठ झालं, डोळे वर गेले. हात काढला तसा खेळ जिथं तुटला होता तिथनंच पुढं सुरू झाला.

"हस," एवा तिला विनवत होती. "हस गं बाई, हस म्हणजे संपेल."

पोरगी हसली. रडत रडत हसली. तिच्या हसण्याला कुणी जोड दिली नाही, आणि तिचं हसू संपायच्या आत फट तिला ओढून घेऊन गेली.

मग पुतुलिक हसला. मोठ्यानं, कुत्र्यासारखा, खोटा हसला. क्षणभर सगळं थांबलं. पडवीत शांतता झाली, आणि त्या शांततेत त्याला स्पष्ट कळलं की त्याच्याकडं कुणीतरी बघतंय. परकं माणूस मधे बोललं की बघतात तसं. मग खेळ पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जलद.

६

त्यानं कोटाकडं नीट बघितलं. आतापर्यंत नुसती फर बघितली होती.

कुपानुकच्या तोंडातनं पांढरी वाफ जायची. ती टोपड्यापाशी पोचून विरायची. मग फट. आणि फटीत टोपड्याच्या आतनं वाफ यायची. थोडीशी, बुटक्या म्हातारीच्या तोंडातनं येईल एवढी. फरीचा एकेक केस त्या वाफेनं जाड होत होता.

दुहेरी दार हाय, त्याचं डोकं म्हणालं. भिंतीला भेग असेल, कोटामागनं हवा येत असेल. त्यानं कोटामागं हात घातला. भिंत कोरडी, गार, सपाट.

मग त्यानं वाकून टोपड्यात बघितलं.

चेहरा नव्हता. चेहऱ्याची जागा होती. अंधारात खोलवर काहीतरी वरखाली होत होतं, घाटी हलते तसं, आणि गरम श्वास त्याच्या डोळ्यांवर आला. चहाचा आणि सीलच्या तेलाचा वास. आईच्या तोंडाचा. त्याला तिला हाक मारावीशी वाटली. पण आई खेळताना अशी नसायची. आई खेळताना ओठाचा कोपरा दाबून धरायची, हसू तिच्यात आधीपासनंच असायचं, सांडायला टपलेलं. इथं ते कुठंच नव्हतं. जे समोर होतं त्याला हसायचं असतं हेच माहीत नव्हतं.

त्यानं कोट खिळ्यावरनं ओढला. अंगणात नेऊन पेट्रोल ओतायचं, एवढंच डोक्यात होतं.

मागं धप्प आवाज झाला. पोरगी खाली पडलेली, तोंड उघडं, छाती थांबलेली. हवा आत जात नव्हती. एवा किंचाळली. "लाव! लाव परत! लाव तो!"

त्यानं कोट परत खिळ्याला लावला. कुपानुकच्या छातीत हवा शिरली. ती पडल्या पडल्या सुरू झाली, आणि मग बायकोनं धरून तिला उभं केलं, कारण उभं राहिल्याशिवाय तिला दम पुरत नव्हता.

कापून चालणार नव्हतं. एकदा कापलं त्याचंच हे झालं होतं.

७

बाहेर अजून ऊन होतं. पोरं रस्त्यावर हॉकी खेळत होती. पुतुलिकनं फोन लावला. वाजला, वाजला, यंत्र बोललं. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा. एवा पोरीला मागनं कवेत धरून उभी होती, आणि पोरीचे गुडघे वाकायला लागले होते. आवाज आता आवाज राहिला नव्हता, नुसती खरवड होती.

पुन्हा लावला. या वेळी पलीकडं फोन उचलला गेला.

"निवे!"

कुणी बोललं नाही.

"निवे, ऐक. मी भांडायला फोन नाय केला. तुला शिव्या नंतर देईन, पोटभर देईन, तू घरी ये मग देतो. आता फक्त ऐक. तू आईला अर्ध्यात ठेवून गेलीस. ती उभी हाय. अजून उभी हाय, कळतंय का? आणि तुझ्या जागी माझी पोर उभी हाय, आणि तिचा दम संपत आलाय. मी हसून बघितलं. एवानं विनवून बघितलं. पोर स्वतः हसली. आमच्या हसण्याचा उपयोग नाय. हरली तू होतीस. ते हसू तुझं हाय, ते तूच द्यायला पाहिजे. आईची माफी नंतर माग. रडणं नंतर रड. ऐकतीयस?"

पलीकडनं श्वास ऐकू आला. बाहेर. आत.

पुतुलिकनं फोन कानाला घट्ट दाबला. बहीण रडत असेल. रडताना माणूस असाच श्वास घेतो. बाहेर. आत. आणि मधे फट. त्यानं मान वळवून पडवीत बघितलं. टोपड्यातनं वाफ आली, आणि कानात श्वास आत गेला. पोरीच्या तोंडातनं वाफ गेली, आणि कानात फट पडली. पलीकडचा श्वासही ह्याच खेळात होता.

"निवे, तूच हायस ना तिकडं?"

बाहेर. आत.

त्यानं फोनचा आवाज वाढवला, दोन पावलं पुढं गेला आणि फोन टोपड्याच्या तोंडाशी, पांढऱ्या फरीला टेकवून धरला. हात जळाल्यासारखा गार पडला. त्यानं हलवला नाही.

"मी फोन आईसमोर धरलाय. तू असशील तर हस. आत्ता. हस, निवे."